स्वयंभू कुणी नसतो : वामनदादांच्या सुरुवातीच्या गाण्याविषयी

वामनदादा कर्डकांचं नाव निघालं की आपल्याकडं दोन वाक्यं ठरलेली. एक : दादा शाळेत गेले नव्हते. दोन : तरीपण त्यांनी हजारो गाणी लिहिली. जयंतीच्या स्टेजवर निवेदक हे बोलतो, टाळ्या पडतात, पेटीवाला सूर धरतो आणि गाणं सुरू होतं. माझं भांडण आहे ते ह्या दोन वाक्यांच्या मधल्या ‘तरीपण’शी.

ह्या ‘तरीपण’मध्ये चमत्कार लपलाय. न शिकलेला माणूस एक दिवस उठला आणि गायला लागला, असा. चमत्कार म्हटला की विचार करायची गरज उरत नाही, हात जोडले की झालं. मित्रांनो, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, त्यात देव अवतार घेतो हे मानणार नाही, अशीही एक प्रतिज्ञा आहे. आणि आपणच आपल्या शाहिराचा अवतार करायला बसलोय.

दुसऱ्या बाजूला विद्यापीठातले पांढरपेशे समीक्षक आहेत. ते अवतार म्हणत नाहीत, ‘उपजत प्रतिभा’ म्हणतात, ‘लोककवी’ म्हणतात. शब्द गोड, अर्थ तोच. लोककवी म्हटलं की त्याच्या मात्रा मोजायच्या नाहीत, त्याची बांधणी तपासायची नाही, त्याला अभ्यासक्रमात एक परिच्छेद दिला की कर्तव्य संपलं. एका परिसंवादात मी एका प्राध्यापकांना विचारलं, की सर, दादांच्या गझलेतल्या रदीफ-काफियाबद्दल आपण काहीच कसं बोलला नाहीत? तर म्हणाले, ते त्यांना आपोआप जमायचं. आपोआप! सुताराला खुर्ची आपोआप जमते काय?

माझं म्हणणं एवढंच आहे. दादांना शाळा मिळाली नाही हे खरं. दादा शिकले नव्हते हे खोटं. ते शिकले, कष्टानं शिकले. कुठं शिकले आणि काय शिकले, हे त्यांच्या उमेदवारीच्या काळाकडं नीट पाहिलं तर दाखवता येतं. आणि ते दाखवणं हे आपल्या समीक्षेचं काम आहे. ते काम झालं नाही तर दादा फोटोत राहतील आणि गाणं डीजेवाल्याच्या हाती जाईल. गेलंच आहे म्हणा.

*

आधी थोडी हकिगत. दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे गाव. जिल्हा आणि काळ दोन्ही लक्षात घ्या. २ मार्च १९३० ला नाशिकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हे पोर सात वर्षांचं होतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला त्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा तेरा वर्षांचं. म्हणजे ज्याला आपण ‘शाळेत न गेलेला’ म्हणतो तो मुलगा अशा जिल्ह्यात वाढला, जिथं चळवळ वस्तीच्या दारात येऊन उभी होती.

आणि ही चळवळ नुसती भाषणांनी चालत नव्हती. ती गात होती. भीमराव कर्डकांचे जलसे ह्याच काळातले. त्यांनी पुढं १९७८ साली आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिलं, ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचायला पाहिजे. जलशानं काय केलं? तमाशाची बांधणी घेतली आणि आतला माल बदलला. गणात गणपती होता, तो गेला. गवळणीत कृष्ण छेड काढायचा, तो गेला. ढोलकी राहिली, सवाल-जवाब राहिला, फार्सातला इरसाल माणूस राहिला. पण आता तो सावकाराला, भटजीला, गावच्या पाटलाला प्रश्न विचारायला लागला. सत्यशोधकांच्या जलशानं हे आधी केलं होतं, आंबेडकरी जलशानं ते आपल्या वस्तीच्या भाषेत आणलं.

ही पद्धत ध्यानात ठेवा. भांडं जुनं, आतलं पाणी नवं. दादांच्या पहिल्या गाण्याकडं जाताना ती लागणार आहे.

*

दादा पोटासाठी आईबरोबर मुंबईला आले. आई गिरणीत. पोरगा कोळशाच्या वखारीत. मग चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं, खडी फोडली, टाटांच्या तेल कंपनीत काम केलं. राहणं शिवडीच्या बीडीडी चाळीत. समता सैनिक दलात गेले. सिनेमाचं वेड लागलं म्हणून स्टुडिओच्या दारातही उभे राहिले, एक्स्ट्राची कामं केली.

ही यादी आपल्याकडं नेहमी डोळ्यात पाणी आणण्यासाठी वाचली जाते. किती हाल काढले हो दादांनी! हाल काढलेच. पण मला ह्या यादीत हालांशिवाय दुसरंही दिसतं. आइसफ्रूटवाला दिवसभर काय करतो? ओरडतो. आणि ओरडणं ही साधी गोष्ट नाही. गाड्यांच्या, भोंग्यांच्या आवाजात आपली हाळी शेवटच्या खोलीपर्यंत गेली पाहिजे, पहिल्याच शब्दात गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे, आणि संध्याकाळपर्यंत घसा टिकला पाहिजे. ज्या माणसाला पुढं माइक नसलेल्या वस्तीत रात्रभर गायचंय त्याला यापेक्षा चांगली तालीम कुठली? लेझीम आणि कवायत घ्या. ठेका पायातून अंगात जातो, शंभर माणसं एका ठोक्यावर पाऊल टाकतात. कोरस म्हणजे दुसरं काय असतं?

आणि पत्राची गोष्ट. चाळीत कुणीतरी वाचायला पत्र पुढं केलं, दादांना वाचता येईना. शरम वाटली, रडू आलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी बाराखडी शिकवली. जोडाक्षरं दादा दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण तिचा अर्थ लावायची तसदी कुणी घेत नाही. दादांचा कान आधी तयार झाला आणि अक्षर मागून आलं. शाळेत गेलेल्या कवीचं उलटं असतं : आधी पुस्तक, मग ओळ, आणि ती म्हणून पाहिली तर पाहिली. दादांची ओळ आधी म्हटली जाते, म्हटली की टिकते का बघितलं जातं, आणि मग कागदावर जाते. म्हणून त्यांच्या गाण्यात जिभेला अडेल असं जोडाक्षर सहसा सापडत नाही. हा अडाणीपणा नाही. हा निकष आहे.

पाट्यांचंही तसंच. अण्णाभाऊ साठ्यांबद्दलही हेच सांगतात, की मुंबईत पाट्या वाचून अक्षर शिकले. एकाच गिरणगावात दोन माणसं रस्त्याला शाळा करतात. पुस्तकातलं अक्षर ‘अ अननसाचा’ असं असतं. पाटीवरचं अक्षर शेठचं असतं, कंपनीचं असतं, मालाचं असतं. त्या अक्षराबरोबर मालक कोण हेही कळतं. दादांचं ते प्रसिद्ध गाणं आठवा, ज्यात बिर्ला, बाटा, टाटा अशी नावं यमकाला येतात आणि धनाच्या साठ्यात आमचा वाटा कुठं आहे, असा सवाल येतो. मी ते गाणं असं वाचतो : जो माणूस अक्षर पाट्यांवरून शिकला त्याच्या यमकात पाट्याच येणार. संस्कृत शिकलेल्याच्या यमकात कमल आणि विमल येतं. आमच्या माणसाच्या यमकात बाटा येतो, आणि बाटाला यमक सापडतं ते वाटा. नुसता नाद जुळलेला नाही, हिशोब जुळलेला आहे.

*

आता पहिलं गाणं. दादांच्या गाण्याची सुरुवात ३ मे १९४३ ची मानतात. आणि ते गाणं म्हणजे एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचं विडंबन होतं.

ह्या ठिकाणी आपले काही भाविक लोक अडखळतात. महाकवीचं पहिलं गाणं विडंबन? तेही फिल्मी? मग कुणी ही गोष्ट एका वाक्यात उरकतो, कुणी गाळतोच, आणि एकदम भीमगीतांवर उडी मारतो. मला वाटतं, दादांच्या सगळ्या कलेची किल्ली ह्या गाळलेल्या जागेत आहे.

विडंबन करणं म्हणजे काय करावं लागतं ते बघा. चाल ठरलेली असते. तिच्यात एक मात्रा जास्त घालता येत नाही की काढता येत नाही. हिंदी शब्द जिथं लांबतो तिथं मराठी शब्दही लांबणारा पाहिजे. नाही तर ‘बघ’ला ‘बाऽघ’ म्हणावं लागतं आणि लोक हसतात ते विनोदाला नाही, तुम्हाला. समेवर जो शब्द पडेल त्यातच अर्थ पाहिजे, कारण ऐकणाऱ्याचा कान तिथंच टेकतो. ही सगळी मोजदाद कागदावर लघू-गुरूच्या खुणा करून नाही, तोंडानं करायची. म्हणजे विडंबन ही छंदाची शाळाच झाली. वृत्त शिकवणारे गुरुजी ज्याला मिळाले नाहीत त्यानं पाठ असलेल्या चालीलाच गुरुजी केलं.

दुसरी गोष्ट ऐकणाऱ्याची. नवी चाल असली की लोकांना आधी चाल शिकावी लागते, मग शब्द. दिवसभर साच्यावर उभं राहिलेल्या माणसाला रात्री एवढी फुरसद कुठली? सिनेमाची चाल त्याच्या ओठांवर आधीच असते. तिच्यावर नवे शब्द टाकले की दुसऱ्या खेपेला तो ध्रुपद उचलतो, तिसऱ्या खेपेला ते घरी घेऊन जातो. गाणं पसरवायला छापखाना लागत नाही, रेडिओ लागत नाही. जलशानं तमाशाचं जे केलं तेच दादांनी सिनेमाचं केलं. भांडं जुनं, पाणी नवं. म्हणून म्हणतो, ३ मे १९४३ हा चमत्काराचा दिवस नव्हे. सिन्नरच्या मुलानं जलशाची रीत मुंबईच्या सिनेमाला लावली, तो हा दिवस.

तिसरी गोष्ट हसण्याची. विडंबन लोकांना हसवतं. जो माणूस समोरच्यांना हसवू शकतो त्याला कळतं, की कुठल्या शब्दाला माणूस हलतो आणि कुठल्या शब्दाला जांभई देतो. ही परीक्षा दर ओळीला आणि तोंडावर. मासिकाच्या संपादकाची चिठ्ठी दोन महिन्यांनी येते. चाळीचा निकाल जागेवर लागतो. ह्या शाळेत दादा नापास होत होत पास झाले असणार. चाळीची शाळा अशीच असते.

पण दादा विडंबनात राहिले असते तर आज त्यांच्यावर लिहायचं कारण नव्हतं. पुष्कळ नकलाकार आले आणि गेले. दादांनी हसण्याचं तोंड फिरवलं. सिनेमाला हसणारी टाळी हळूहळू स्वतःच्या जगण्याकडं वळवली, आणि तिथून बाबासाहेबांच्या विचाराकडं. हे वळण समता सैनिक दलाशिवाय, बाबासाहेबांच्या सभांशिवाय येत नव्हतं. त्याच गिरणगावात १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर लाल बावटा कलापथक घेऊन उभे राहिले. वस्तीत त्या वेळी गाणं म्हणजे करमणूक नव्हती, बाजू घेणं होतं. कुणाच्या बाजूनं गातोस, हा सवाल प्रत्येक गाणाऱ्याला पडत होता. दादांनी त्याचं उत्तर दिलं आणि जन्मभर बदललं नाही.

*

आता उमेदवारीत शिकलेलं पुढं कसं कामी आलं ते बघू. बाबासाहेबांना उद्देशून असलेलं दादांचं एक गाणं सगळ्यांना पाठ आहे. तुझ्या मताची खरीखुरी पाच माणसं जरी असती, तर त्यांच्या तलवारीची धार निराळी असती, असा त्याचा आशय. बांधणी गझलेची आहे. प्रत्येक शेर ‘असते’ ह्या शब्दावर येऊन थांबतो.

हा एक शब्द बघा. ‘असते’ म्हणजे नाहीत. तुम्ही जितक्यांदा ‘असते’ म्हणता तितक्यांदा ‘नाहीत’ अशी कबुली देता. आणि रदीफ असल्यामुळं कोरसमध्ये हाच शब्द सगळे मिळून म्हणतात. म्हणजे दादांनी हजारोंच्या सभेला, तिच्याच तोंडानं, टाळ्यांच्या ठेक्यावर, आपल्यात पाचसुद्धा नाहीत असं म्हणायला लावलंय! स्टेजवर पुढारी बसलेले आहेत, तेही ताल धरतायत, आणि गाणं त्यांनाच मोजतंय. हे ‘आपोआप’ जमत नाही. कोरस कुठला शब्द उचलणार, हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच हे जमतं. आणि ते कळतं कुठं? ज्या चाळीत विडंबनाचं ध्रुपद लोकांनी उचललं त्या चाळीत.

सगळंच सोनं आहे असं मी म्हणत नाही. प्रसंगाला म्हणून बांधलेली गाणी प्रसंग सरला की वाळतात, दादांचीही वाळली. नुसत्या जयजयकाराची गाणी आहेत, त्यात विचार पातळ होतो. हे बोललं पाहिजे. ज्याच्यातलं कच्चं दाखवायची आपली हिंमत नाही त्याच्यातलं पक्कं दाखवायचा आपल्याला अधिकार नाही.

*

आता आपल्याच घरात बघू. १९७२ साली ‘गोलपिठा’ आला. १९७३ साली दादांचा ‘वाटचाल’ हा संग्रह आला, मग १९७६ ला ‘मोहळ’ आणि १९७७ ला ‘हे गीत वामनाचे’. ‘गोलपिठा’नं मराठी कवितेचं तोंड फोडलं, ते फोडायलाच पाहिजे होतं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण ‘गोलपिठा’वर किती लिहिलं गेलं आणि ‘वाटचाल’वर किती, हे कुठल्याही वाचनालयात जाऊन मोजा. आपल्या लिटल मॅगझिनवाल्यांनाही मुक्तछंद म्हणजे विद्रोह आणि चालीतलं गाणं म्हणजे प्रचार, असं वाटत राहिलं. हा निकष कुठून आला? यमक मागासलेलं, गाणं हलकं, छापील कविता थोर, हा निकष त्याच सदाशिव पेठेतून आला जिच्याविरुद्ध आपण बंड केलं. घर सोडलं आणि त्याची फूटपट्टी बरोबर आणली!

तारीख परत बघा. पहिलं गाणं १९४३ चं, पहिला संग्रह १९७३ चा. मधे तीस वर्षं. तीस वर्षं हे गाणं कागदाशिवाय जगलं, माणसांच्या घशात, वहीत उतरवून घेतलेल्या ओळींत, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत. कुठल्या मराठी कवीची कविता तीस वर्षं अशी जगली असती? ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आपल्या समीक्षेकडं शब्द नाहीत, कारण तिनं वाचकाचा विचार केला, ऐकणाऱ्याचा केलाच नाही.

*

तरुण मित्रांनी काय करायचं? मोठ्या गोष्टी सांगत नाही.

एक. आपल्या वस्तीत जी जुनी गायन पार्टी असेल, तिच्या म्हाताऱ्या गायकाकडं वही घेऊन बसा. गाणं उतरवून घ्या, आणि नुसते शब्द नकोत. चाल कुठली, कुणाकडून शिकला, कुठल्या साली कुठल्या गावात म्हटलं, कडवी किती, हेही लिहा. चालीशिवाय छापलेलं गाणं म्हणजे पाण्याबाहेरचा मासा.

दोन. शेवटचं कडवं गाळू नका. दादांच्या गाण्यात शेवटी ‘वामन’ हे नाव येतं, अभंगात जसं ‘तुका म्हणे’ येतं तसं. वेळ नाही म्हणून गायक शेवटचं कडवं तोडतो, की तिथंच कवीचं नाव तुटतं. मग तेच गाणं ‘पारंपरिक’ म्हणून फिरतं आणि कुणीही त्याचा धनी होतो. ज्या माणसानं धनाच्या साठ्यात वाटा मागितला त्याच्या नावाचा वाटा आपण तरी मारू नये.

तीन. डीजेच्या भीमगीतांबद्दल. आजचे पोरं म्हणतात, दादांनीही फिल्मी चाली घेतल्या, मग आम्ही घेतल्या तर काय बिघडलं? चाल घेतली म्हणून काही बिघडत नाही. दादांनी चाल घेतली ती शब्द ऐकू जावा म्हणून. तुमच्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून शब्द ऐकू येतो का, एवढीच परीक्षा घ्या. मिरवणूक संपल्यावर नाचलेल्या चार पोरांना विचारा, की गाण्यात काय म्हटलं होतं. सांगता आलं तर वाजवा खुशाल.

चार. ‘न शिकलेले दादा’ हे वाक्य बोलायचं बंद करा. बाबासाहेबांनी सांगितलेल्या तीन शब्दांतला पहिला शब्द ‘शिका’ आहे. वखारीत, चाळीत, दलात, पाट्यांवर, सिनेमाच्या चालीवर दादा तोच शब्द पाळत होते. त्यांना अडाणी ठरवून आपण त्यांचं कौतुक करत नाही, त्यांचे कष्ट हिसकावून घेतो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माणसाचं कसब हे कसब म्हणून मोजलंच गेलं नाही. चांभाराचं नाही, ढोलकीवाल्याचं नाही, शाहिराचं नाही. ‘त्यांच्या रक्तातच असतं ते’ असं म्हणून मजुरी बुडवायची ही जुनी रीत आहे. ती रीत आपल्या तोंडून तरी चालू राहू नये.

वामनदादा १५ मे २००४ ला गेले. त्यांनी ‘माझ्या जीवनाचं गाणं’ ह्या नावानं आपली हकिगत लिहून ठेवली आहे, संग्रह आहेत, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसं अजून आपल्यात आहेत. साधनं आहेत. मात्रा मोजणारे, ठेका ओळखणारे, शब्द तपासणारे दहा जण हवेत. दहा नाही मिळाले, तर पाच बघा.

जयभीम.